वायूचा हिशेब ठेवणारा अध्यापक : जोसेफ ब्लॅक



ईद असो, दिवाळी असो वा नाताळ असो, सणाच्या आधी घरास सफेदी देण्याचे काम तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. कळीच्या चुन्याचे खडे पिंपातील पाण्यात टाकताच पाणी खदखदू लागते, वाफा उठतात व खडे फुटून त्यांची मऊ फक्की होते. भिंतीवर दिलेला पहिला हात पाणचट दिसतो. परंतु चार दिवस लोटले म्हणजे तीच भिंत पांढरीशुभ्र होते आणि चुना घट्ट धरतो. हा घट्टपणा त्यास कोठून आला? तो हवेतून आला. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड नावाचा वायु अल्प प्रमाणात असतो. चुना त्यास हळूहळू धरून ठेवितो व पुन्हा मूळच्या चुनखडीच्या रूपास जातो.

ही गोष्ट हजारो वर्षे गवंड्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती. तथापि तिचा वजनासह हिशेब मांडण्याचे सुचले ते एका सव्वीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यास. त्याचे नाव जोसेफ ब्लॅक. आज अनेक देशांतील शास्त्रज्ञ कोळशाच्या टाकाऊ राखेपासून स्वस्त पदार्थ तयार करून त्यांच्या योगे धुरातील हाच वायु पकडण्याच्या खटपटीत आहेत. त्या खटपटीचे मूळ शोधीत गेले असता आपण ह्या विद्यार्थ्याच्या तराजूपाशी येऊन पोहोचतो. मोसम व गिरणा ह्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या आपणांस तर ह्या विषयाचे अगत्य अधिक असावे. आपल्या गावाचे पोट यंत्रमागांवर चालते. मागांना लागणारी वीज बव्हंशी कोळसा जाळूनच होते, आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या धुराड्यांचा धूर आपण रोज पाहतो. म्हणून ह्या थोर अध्यापकाचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

जोसेफ ब्लॅक ह्यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो शहरी झाला. वडील जॉन ब्लॅक हे मूळचे आयर्लंडमधील बेलफास्टचे, स्कॉटिश वंशाचे. बोर्दो येथे त्यांचा मद्याचा व्यापार होता. आई मार्गरेट गॉर्डन ही स्कॉटलंडमधील एका घराण्यातली. कुटुंब मोठे होते. मुलांना इंग्रजी वाचावयास आईने स्वतः घरीच शिकविले. वडिलांचा स्वभाव उदार व बहुश्रुत असल्यामुळे माँतेस्क्यू ह्यांच्यासारख्या विख्यात फ्रेंच विद्वानाचा त्यांच्याशी स्नेह होता. अशा घरात बाळपणीच मुलाच्या कानावर चांगल्या गोष्टी पडल्या असल्यास नवल नाही. बारा वर्षांचा झाल्यावर, म्हणजे १७४० साली, जोसेफला शिक्षणासाठी बेलफास्ट येथे धाडण्यात आले. ज्या सुमारास मोसमच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दर आपल्या मालेगावच्या किल्ल्याचे बुरूज चढवीत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट होय.

बेलफास्टची शाळा आटोपून तो ग्लासगोच्या विद्यापीठात गेला. प्रथम भाषा व तत्त्वज्ञान ह्यांचे अध्ययन झाले. पुढे वडिलांनी उदरनिर्वाहाचा एखादा व्यवसाय निवडण्यास सांगितले, तेव्हा त्याने वैद्यक पसंत केले. तेथे त्यास विल्यम कलन हे गुरू लाभले. रसायनशास्त्र त्या काळी औषधे कुटणाऱ्यांचे व धातू गाळणाऱ्यांचे काम समजले जाई. कलन ह्यांनी ते विद्वानांच्या अभ्यासाचा विषय आहे असे मानून १७४७ साली त्यावर व्याख्याने देण्यास आरंभ केला. त्यांनी ह्या शिष्यातील चुणूक ओळखली व त्यास आपला प्रयोगसहाय्यक करून घेतले. सुमारे तीन वर्षे गुरुशिष्य एकाच भट्टीपाशी उभे राहिले. बाटल्या धुणे, विस्तव फुंकणे, पदार्थ वजन करून टिपून ठेवणे ही कामे करता करता ब्लॅक ह्यांच्या हाताला जी सफाई आली ती जन्मभर टिकली.

वैद्यकाची पदवी घेण्यासाठी १७५२ साली ते एडिंबरा येथे गेले. त्या वेळी मूतखड्याच्या रोगाने पुष्कळ लोक पीडित असत. ह्या रोगावर एका बाईने काढलेले औषध इतके गाजले की, त्याची कृती जाहीर करण्याबद्दल १७३९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तिला पाच हजार पौंड देऊ केले. औषध काय, तर मुख्यत्वे अंड्यांची भाजलेली टरफले, म्हणजे एक प्रकारचा चुनाच! तेव्हापासून चुन्याच्या निवळीस महत्त्व आले. परंतु ही निवळी कालवांच्या शिंपल्यांच्या चुन्याची असावी की दगडी चुन्याची असावी, ह्यावर एडिंबरा येथील दोन प्राध्यापकांचे जोराचे भांडण लागले होते. तरुण ब्लॅक ह्यांस दोघांपैकी कोणाचाही रोष पत्करावयाचा नव्हता. त्यांनी प्रबंधासाठी मॅग्नेशिया नावाचा दुसराच एक सौम्य पांढरा पदार्थ निवडला, आणि ह्या आडवाटेने जात असता त्यांस राजमार्ग सापडला.

चुनखडी बेचव व निरुपद्रवी असते. भाजून तिचा कळीचा चुना झाला की तो जीभ व कातडी पोळतो. हा दाहकपणा कशाने येतो? त्या काळच्या विद्वानांचे मत असे की, भट्टीतील अग्नीचे सूक्ष्म कण दगडात शिरतात व तेच पुढे आपणांस चटका देतात. हे मत दिसावयास सरळ व पटण्यासारखे होते. परंतु ब्लॅक ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला. अग्नीचे कण आत शिरले असतील तर वजन वाढावयास हवे, अथवा निदान तेवढेच राहावयास हवे. प्रत्यक्षात काय होते?

त्यांनी मॅग्नेशिया तापवून पाहिला. त्याचे वजन निम्म्याहून अधिक घटले. पूर्वी अम्ल घातले असता तो फसफसत असे. तापविल्यावर तो मुकाट्याने विरघळू लागला. अर्थात् जे निघून गेले ते फसफसणारे काहीतरी होते. मग त्यांनी हाच प्रयोग खडूवर केला. १२० ग्रेन खडू भाजला असता ६८ ग्रेन कळीचा चुना शिल्लक राहिला. ही पूड त्यांनी पापडखारासारख्या सौम्य क्षाराच्या द्रावणात टाकली, नंतर धुऊन वाळविली व पुन्हा तोलली. आता वजन ११८ ग्रेन भरले आणि खडूचे सर्व गुणधर्म परत आले. क्षार मात्र दाहक होऊन बसला. जे खडूतून भट्टीत निघून गेले होते, तेच क्षारातून चुन्यात शिरले होते. १२० आणि ११८ ह्यांत अवघ्या दोन ग्रेनांचे अंतर! एखाद्या दुकानदाराचा दिवसअखेरचा गल्लाही इतका जुळत नसेल.

निघून जाणारी वस्तू म्हणजे एक वायु होता. दगडात बांधलेला म्हणून ब्लॅक ह्यांनी त्यास बद्ध वायु म्हटले. पदार्थांत हवा कोंडलेली असते ही कल्पना त्यांच्यापूर्वी स्टीफन हेल्स ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने मांडली होती. परंतु हा वायु नेहमीच्या हवेहून निराळा आहे, तो विशिष्ट पदार्थांशीच संयोग पावतो व त्याचे वजन मोजता येते, हे ब्लॅक ह्यांनी सिद्ध केले. ११ जून १७५४ रोजी त्यांस पदवी मिळाली. पुढील वर्षी त्यांनी आपले सविस्तर प्रयोग एडिंबरा येथील विद्वत्सभेपुढे वाचून दाखविले व १७५६ साली ते छापून प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्रात तराजूस सिंहासनावर बसविणारा निबंध म्हणून त्याची कीर्ती आहे.

त्यानंतर हा वायु आणखी कोठे कोठे सापडतो ह्याचा त्यांनी शोध आरंभिला. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली असता ती दुधासारखी होते. ह्यावरून आपल्या उच्छ्वासात तो असतो हे ठरले. जळत्या कोळशाचा धूर निवळीतून नेला असता तोच प्रकार घडला. आंबणाऱ्या मद्यातूनही तो निघतो. त्यात मेणबत्ती विझते व प्राणी गुदमरतात. उघड्यावर ठेवलेल्या निवळीवर साय धरते, ह्यावरून नेहमीच्या हवेतही त्याचा थोडा अंश असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. नववीच्या वर्गात पपईच्या देठाची नळी करून निवळी फुंकताना तुमच्यापैकी अनेक जण आधी हसले होते व पेला पांढरा होताच गप्प झाले होते. तुम्ही त्या दिवशी जे पाहिले ते प्रथम ह्या पुरुषाने पाहिले.

१७५६ साली ब्लॅक ग्लासगो येथे आपल्या गुरूंच्या जागी अध्यापक झाले. तेथील त्यांचा एक प्रयोग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. १७६४–६५ च्या हिवाळ्यातील ही हकिगत. त्या काळी स्कॉटलंडमध्ये रविवारच्या उपासना फार लांबत. शहरातील एका चर्चमध्ये दीड हजारांवर माणसे सुमारे दहा तास बसली होती. छतास कोंदट हवा बाहेर जाण्यासाठी भोके असतात. त्यांपैकी एका भोकावर ब्लॅक ह्यांनी आपले यंत्र मांडले. यंत्र म्हणजे काय, तर चिंध्या, आणि त्यांवरून थेंब थेंब झिरपणारे दाहक क्षाराचे द्रावण. खाली लोक प्रार्थना करीत होते, स्तोत्रे गात होते, प्रवचन ऐकत होते. त्यांचा उच्छ्वास वर जाऊन त्या चिंध्यांवरून वाहत होता. शेवटी पाहिले तो दाहक क्षार पुष्कळसा सौम्य होऊन त्याचे स्फटिक बनले होते. दीड हजार माणसांच्या श्वासातील वायु त्याने धरून ठेविला होता. वाहत्या हवेतून कार्बन डाय-ऑक्साइड पकडण्याच्या आजच्या यंत्रांत पंखे, नळ व मोजमापाची उपकरणे असतात. परंतु त्यांची मूळ युक्ती ह्या चिंध्यांचीच आहे.

ह्याच ग्लासगोच्या मुक्कामात त्यांच्या हातून दुसरे मोठे कार्य झाले. बर्फ वितळत असता त्यास कितीही उष्णता दिली तरी ते सर्व वितळेपर्यंत उष्णतामापकातील पारा चढत नाही. पाण्याची वाफ होत असताही तसेच घडते. ही उष्णता नाहीशी होत नाही, ती गुप्त रूपाने साठून राहते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. ह्यास गुप्त उष्णतेचा सिद्धांत म्हणतात. येथेही त्यांची रीत तीच होती. जमा-खर्च जुळत नाही असे दिसले की ते स्वस्थ बसत नसत. हरवलेली रक्कम कोठे तरी असलीच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा असे.

विद्यापीठाच्या आवारात त्या वेळी जेम्स वॉट नावाचा एक गरीब तरुण कारागीर उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान मांडून बसला होता. ब्लॅक ह्यांनी त्याच्याकडून उपकरणे करविली व लौकरच दोघांची मैत्री जडली. १७६३–६४ च्या सुमारास जुन्या वाफेच्या यंत्राचा एक नमुना वॉटकडे दुरुस्तीस आला. थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी तापते हे पाहून वॉट चकित झाला व ब्लॅक ह्यांच्याकडे गेला. तेव्हा त्यांनी त्यास गुप्त उष्णतेची उपपत्ती समजावून दिली. वाफ थंड करण्यासाठी स्वतंत्र पात्र जोडण्याची युक्ती १७६५ साली वॉटला स्वतःच्या बुद्धीने सुचली. तिचे श्रेय ब्लॅक ह्यांस देणे योग्य होणार नाही. परंतु प्रयोगांसाठी वॉटला पैशाची चणचण पडली तेव्हा कर्ज देणाऱ्यांत ब्लॅक हे होते, आणि विचार कसा करावा हे त्यांच्यापासून शिकलो, हे वॉट पुढे कृतज्ञतेने सांगत असे. १७६९ साली वॉटला आपल्या शोधाचे स्वामित्व मिळाले.

नव्या यंत्रास जुन्याच्या मानाने कोळसा फार कमी लागे. परंतु काम स्वस्त झाले म्हणून यंत्रे वाढली, यंत्रे वाढली म्हणून खाणी वाढल्या, आणि जगात जळणारा एकूण कोळसा कमी होण्याऐवजी अतोनात वाढला. ब्लॅक ह्यांच्या काळी हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. पृथ्वीची उष्णता बाहेर जाण्यास हा वायु अडथळा करितो व त्यामुळे हवामान तापत चालले आहे. ज्या पुरुषाने हा वायु प्रथम ओळखला, त्याच्याच स्नेह्याच्या यंत्राने तो हवेत सोडण्याचा मार्ग खुला व्हावा, हा दैवाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे. त्या दोघांसही ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. दोष देण्याचे कारण नाही. परंतु जमाखर्चाची वही मात्र आता आपल्या हाती आली आहे.

१७६६ साली ब्लॅक एडिंबरा येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले व तीस वर्षांच्या आसपास त्यांनी तेथे अध्यापन केले. त्यांचे भाषण शांत, आवाज बारीक पण स्पष्ट आणि प्रयोग अत्यंत नेटके असत. वर्गात केवळ वैद्यकाचे विद्यार्थीच नव्हे, तर कारखानदार व कारागीरही येऊन बसत. तागाचे कापड धुऊन पांढरे करणाऱ्या लोकांना चुन्याच्या योगे क्षार तीव्र का होतो हे त्यांनी समजावून दिले. काच, लोखंड इत्यादि धंद्यांतील लोक त्यांचा सल्ला घेत. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांची कीर्ती शिष्यांनी पसरविली. त्यांपैकी डॅनियल रदरफोर्ड ह्याने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, हवेतील बद्ध वायु क्षाराने शोषून घेतल्यावर मागे काय उरते ह्याचा शोध करीत असता, १७७२ साली नायट्रोजन वायु शोधून काढला. लावाझ्ये ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बद्ध वायु म्हणजे कार्बन व ऑक्सिजन ह्यांचा संयोग असल्याचे दाखविले, आणि तो ब्लॅक ह्यांस आपल्या गुरूच्या ठिकाणी मानी. नवे रसायनशास्त्र पुढे आले तेव्हा ब्लॅक वृद्ध झाले होते. जन्मभर शिकविलेली जुनी मते सोडणे कोणाही शिक्षकास जड जाते. तथापि पुरावा पटल्यावर त्यांनी ती सोडली व विद्यार्थ्यांस नवे मत शिकविले. आम्ही अध्यापकांनी त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच होय.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ, तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम व भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन हे त्यांचे जिवलग स्नेही होते. ह्यूम ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात ब्लॅक ह्यांनी वैद्य म्हणून त्यांची शुश्रूषा केली. ते अविवाहित राहिले. फुप्फुसे बाळपणापासून नाजूक असल्यामुळे मिताहार व मंद चालणे ह्यांवर त्यांनी प्रकृती जपली. बासरी ते चांगली वाजवीत. १७९५ साली टॉमस चार्ल्स होप ह्यांस त्यांच्या जोडीस नेमण्यात आले. ६ डिसेंबर १७९९ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, खुर्चीत बसून साधे जेवण घेत असता त्यांचे देहावसान झाले. दुधाचा पेला गुडघ्यावर हातांनी धरलेला तसाच होता. त्यातील थेंबही सांडला नव्हता. नोकर आत आला तेव्हा त्यास ते झोपले आहेत असेच वाटले. जन्मभर ज्या हातांनी काही सांडू दिले नाही, त्यांनी अखेरच्या क्षणीही आपली शिस्त मोडली नाही. त्यांची व्याख्याने शिष्य जॉन रॉबिसन ह्यांनी संपादून १८०३ साली प्रसिद्ध केली.

आता त्यांच्या तराजूने आजचा प्रश्न तोलून पाहू. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार असते. बहुधा शंभरांत तीस ते पंचेचाळीस भाग. एक टन कोळशात ४०० किलो कार्बन असला तर त्यापासून जवळजवळ १,४७० किलो कार्बन डाय-ऑक्साइड वर जातो व शिवाय तीनचारशे किलो राख खाली उरते. नाशिकजवळ एकलहरे, नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा, तसेच चंद्रपूर येथे कोळशाच्या विजेच्या जोडीने अशा राखेचे ढीग साचत आले. तिच्या विटा व सिमेंट होतात, तरीही ती पुष्कळ उरते.

पहिला विचार असा येतो की, ब्लॅक ह्यांचा चुनाच धुराड्यात का ठेवू नये? वही उघडताच उत्तर मिळते. १०० किलो चुनखडी भाजून ५६ किलो चुना करताना ४४ किलो वायु भट्टीतून सुटतो. तो चुना पुढे फार तर तेवढाच ४४ किलो पकडणार, आणि भट्टीच्या जळणाचा वायु नुकसानीत जमा होणार. म्हणून नवा चुना भाजून हे देणे फिटत नाही. राखेचे महत्त्व येथे आहे. ती आधीच जळून गेलेली आहे. तिच्यासाठी निराळा दगड भाजावा लागत नाही. आपल्याकडील राखेत चुना थोडा, पण सिलिका व ॲल्युमिना विपुल असते, आणि ह्याच दोन द्रव्यांपासून झिओलाइट नावाचे खनिज बनते.

हे खनिज आपणांस परके नाही. नाशिक जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात विहीर खणताना वा खाणीत सुरुंग उडविताना पोकळीतून पांढरे, मोत्यासारखे चमकणारे स्फटिक निघतात. त्यांतील स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट इत्यादि झिओलाइटच होत. तापविले असता ते उकळल्यासारखे फुगतात, म्हणून क्रोनस्टेट ह्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने त्यांस उकळता दगड अशा अर्थाचे हे ग्रीक नाव दिले, आणि तेही १७५६ सालीच, ज्या वर्षी ब्लॅक ह्यांचा निबंध छापला गेला! ह्या स्फटिकांत डोळ्यांस न दिसणारी असंख्य एकसारखी छिद्रे असतात. राखेत दाहक सोडा मिसळून ती सुमारे ५५० अंशांपर्यंत तापवितात, पाण्यात कालवून मुरू देतात व नंतर उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेवर काही तास ठेवितात. मग राखेचे असे कृत्रिम स्फटिक बनतात. धूर थंड व कोरडा करून त्यांवरून नेला की कार्बन डाय-ऑक्साइड छिद्रांत अडकतो. तापविले वा दाब कमी केला की तो सुटतो व तेच स्फटिक पुन्हा कामास येतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत राखेपासून झिओलाइट करण्याचे, तसेच झिओलाइटवर हा वायु धरून ठेवण्याचे संशोधन झाले आहे.

तथापि येथेही खर्चाचे रकाने कोरे ठेवून चालणार नाही. दाहक सोडा तयार करण्यास वीज लागते. स्फटिक एका वेळी आपल्या वजनाचा थोडा अंशच वायु धरतात, म्हणून ते हजारो वेळा वापरले गेले तरच उपयोग. राखेतील विषारी धातू धुतलेल्या पाण्याबरोबर नदीत जाता कामा नयेत. आणि सुटलेला वायु ठेवावयाचा कोठे? ह्या बाबतीत आइसलंडमध्ये २०१२ साली एक उत्साहजनक प्रयोग झाला. वायु पाण्यात मिसळून तेथील काळ्या ज्वालामुखी खडकात सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खडकातील कॅल्शियमसारख्या द्रव्यांशी मिळून दगड बनला. आपल्या दख्खनच्या पठाराचा पाषाण त्याच जातीचा आहे व त्याविषयी आपल्याकडेही अभ्यास चालू आहे. बद्ध वायु पुन्हा बद्ध व्हावा, ह्याहून ब्लॅक ह्यांस अधिक आवडती गोष्ट ती कोणती असती?

मित्रहो, ह्या चरित्रावरून घ्यावयाचा बोध मोठमोठ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. ब्लॅक ह्यांच्यापाशी ना मोठी प्रयोगशाळा होती, ना धडधाकट शरीर. होता तो एक तराजू, आणि वजन जुळल्यावाचून न उठण्याचा बाणा. धुराड्यातून वर गेलेले दिसेनासे होते म्हणून ते संपले, असे आपण समजत आलो. ब्लॅक ह्यांनी दाखविले की, दिसेनाशा झालेल्या वस्तूलाही वजन असते, आणि ते कोणाच्या तरी नावे मांडावेच लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखान्याचा मालक होईल, कोणी बॉयलरवरचा कामगार, कोणी शास्त्रज्ञ. स्वस्त व गुणकारी म्हणून एखादा नवा पदार्थ तुमच्यापुढे येईल, तेव्हा त्याने किती वायु पकडला एवढेच विचारू नका. तो तयार करताना किती सोडला, हेही विचारा. आणि सणाच्या आधी भिंतीस सफेदी द्याल तेव्हा क्षणभर थांबून त्या ओल्या चुन्याकडे पाहा. तो तेथे गुपचूप आपले जुने देणे फेडीत असतो.